नाशिकहून एका दिवसात वसईचा किल्ला : सोबत आई आणि अकरा वर्षांचा मुलगा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून स्वतःच्या गाडीने एक दिवस वसईला यायचं, सोबत ६८ वर्षांच्या आई, त्यांचे गुडघे दुखतात, आणि ११ वर्षांचा मुलगा. व्हिडिओंमध्ये नुसत्या पडक्या भिंती आणि फोटो काढणारी जोडपी दिसली, त्यामुळे एवढ्या लांब यावं असं तिथे काही आहे का, ही शंका. आणि आलोच तर अर्नाळा, सोपाऱ्याचा स्तूप आणि समुद्रकिनाराही त्याच दिवशी उरकता येईल का?

मी वसईचाच. गेली अठरा वर्षं शाळांच्या सहली, कुटुंबं, कधी परदेशातून आलेले पाहुणे यांना हा किल्ला दाखवतो. तेव्हा आधी दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो : सगळं एका दिवसात होणार नाही, आणि करायला गेलात तर एकही जागा धड पदरात पडणार नाही. नाशिकहून इथपर्यंत यायलाच चार तास धरा, जायला तितकेच. उरलेल्या सहा-सात तासांत किल्ला आणि वाटेवरची एक जागा नीट होते. मुक्काम करणार असाल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ‘तिथे बघण्यासारखं काय आहे’ असं तुम्ही विचारलंत, पण माझ्या अनुभवात लोकांची अडचण निराळीच असते. बघण्यासारखं भरपूर आहे, पण समोर जे दिसतंय ते काय आहे हे कळत नाही. आपल्या मनात किल्ला म्हणजे डोंगर, चढण, दरवाजा, बुरूज, पाण्याची टाकी, वर भगवा. वसईत सपाटीवर गाडी थेट आत जाते, मधून डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, आणि झाडीतून अचानक बिनछपराच्या साठ-सत्तर फुटी भिंती वर आलेल्या. माणूस दोन-तीन इमारती बघतो, सगळ्या सारख्याच वाटतात, आणि तासाभरात गाडीत बसतो.

म्हणून मी प्रत्येक गटाला सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. इथे किल्ला शोधू नका, शहर शोधा. तटबंदीच्या आत एक अख्खं गाव वसलेलं होतं. रस्ते होते, चौक होते, धनिकांचे वाडे होते, रुग्णालय होतं, तुरुंग होता, पाच-सहा मोठी चर्च होती. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगिजांना दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. म्हणजे दोनशे चार वर्षं. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चा कारभार याच तटाच्या आतून चालायचा. गोव्याखालोखाल त्यांचं हे इथलं मोठं शहर. ही एक गोष्ट मनात ठेवून आत शिरलात की पडकी भिंत बघताना ‘हे घर असेल की गोदाम’ असा प्रश्न आपोआप पडतो, आणि मग कंटाळा येत नाही. मुलांना तर नाहीच.

आता आईंबद्दल. हे त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे, पण जिने चढता येत नसतील आणि सपाट जमिनीवर दहा मिनिटं सलग चालता येत असेल, तर वसई हा त्यांच्यासाठी महाराष्ट्रातल्या सगळ्यांत सोप्या किल्ल्यांपैकी एक आहे. चढ नाहीच. रस्ता किल्ल्याच्या आतून थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत आणि धक्क्यापर्यंत जातो, आणि बऱ्याचशा महत्त्वाच्या वास्तू त्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर आहेत. जमीन मात्र खडबडीत आहे, मुळं आणि दगड वर आलेले आहेत. काठी आणि घट्ट बसणारे बूट हवेतच, चपला नकोत. एक घडीची खुर्ची गाडीत टाका. मी म्हाताऱ्या माणसांसोबत असतो तेव्हा ती खुर्ची सावलीत मांडतो आणि बाकीच्यांना त्या जागेभोवती फिरवून परत आणतो. कुणालाच आपण ओझं आहोत असं वाटत नाही.

किल्ल्यात तिकीट नाही. पण खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आत मिळेल असं धरून येऊ नका. वसई गावात पारनाक्याच्या बाजूला नाश्ता, पाणी आणि बाकी सगळं उरकून मगच आत शिरा. रेल्वेने येणाऱ्यांसाठी सांगतो, वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, तिथून किल्ला साधारण सहा-सात किलोमीटर, बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

बहुतेक लोक गावाच्या बाजूने शिरतात आणि समोर येईल ते बघत पुढे जातात. मी उलटं करतो. गाडी न थांबवता थेट शेवटपर्यंत, धक्क्याजवळ नेतो आणि समुद्राकडच्या दरवाजापासून चालायला सुरुवात करतो. कारण हे शहर समुद्राच्या जिवावर जगलं. इथे येणारा गव्हर्नर, पाद्री, व्यापारी, घोडे, दारूगोळा, सगळं या बंदर दरवाजातून आत आलं. लोखंडी पत्रे आणि खिळे मारलेली जुनी लाकडी दारं तिथे बघायला मिळतात. बाहेर खाडी, कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेले बोंबील, आणि खाडीपलीकडे भाईंदर. मुलाला इथेच उभं करा आणि सांगा : तू लिस्बनहून सहा-सात महिने जहाजात काढून आलायस, आता या दारातून आत जायचंय. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

दरवाजातून आत आलात की सेंट जोसेफचं कॅथेड्रल जवळच आहे. हे शहराचं मुख्य चर्च. मूळ बांधकाम सोळाव्या शतकाच्या मध्यातलं. दर्शनी भागावरच्या शिलालेखात १६०१ हे साल आहे, गोव्याचे आर्चबिशप आलेइशू द मेनेझिश यांच्या काळात ते पुन्हा बांधल्याची ती नोंद. त्याच्या मनोऱ्यात गोल जिना आहे आणि त्यावर चढून फोटो काढणारे तुम्हाला दिसतील. तुम्ही चढू नका, मुलाला तर मुळीच चढू देऊ नका. पायऱ्या झिजल्यात, वर कठडा नाही. हा मनोरा खालूनच बघायचा, मान वर करून, आणि खालून तो जास्त उंच वाटतो.

तिथून पुढे बालेकिल्ला. पोर्तुगीज त्याला सेंट सेबॅस्टियनचा किल्ला म्हणत. वसई हाती आल्यावर त्यांनी आधी हे छोटं ठाणं उभं केलं, १५३६ च्या सुमारास, आणि बाहेरचा मोठा तट नंतर घातला. बालेकिल्ल्याच्या दारावर थोडा वेळ थांबा. वर पोर्तुगालचं राजचिन्ह आहे, क्रूस आहे आणि गोलाकार पट्ट्यांचा एक पोकळ गोल आहे. तो खगोल मोजायच्या यंत्राचा आकार. समुद्रावर आपली हुकमत आहे हे सांगायला पोर्तुगालचा राजा तो वापरायचा. गोव्यातल्या जुन्या इमारतींवरही हा गोल दिसतो. आजही तो पोर्तुगालच्या झेंड्यावर आहे. मुलाच्या हातात फोन देऊन त्या झेंड्याचं चित्र शोधायला सांगा आणि मग दगडातला गोल शोधू द्या.

मध्यावर चिमाजी अप्पांचं स्मारक लागतं. वेढ्याची गोष्ट तिथे बसून सांगा, पण नीट सांगा. ही मोहीम म्हणजे एका दिवसाची चढाई नव्हती. १७३७ पासून साष्टी, ठाणं असा एकेक प्रदेश मराठ्यांनी घेतला, आणि वसईला शेवटचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीत पडला तो मेपर्यंत चालला. वसई कठीण का होती हे जमिनीवर उभं राहिलं की कळतं. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल. पोर्तुगीज आरमाराला खाडीतून सगळीकडे वावरता येत होतं. हल्ला करायला एकच उत्तरेची बाजू, तीही वाळूची आणि उघडी. तोफांच्या माऱ्यात त्या वाळूतून मोर्चे पुढे सरकवायचे आणि बुरुजांखाली सुरुंग नेऊन पोचवायचे, हे काम महिनोन्‌महिने चाललं. दोन्ही बाजूंची माणसं फार मेली. शेवटी सुरुंगांनी तटाला खिंडार पडलं आणि मे महिन्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. त्यांना सन्मानाने, आपल्या कुटुंबांसह आणि चीजवस्तूंसह निघून जायची मुभा दिली गेली. माझ्या मते या मोहिमेतली सर्वांत मोठी गोष्ट ती. तोफेत घालून माझं डोकं तरी किल्ल्यात टाका, असं अप्पा म्हणाले अशी एक कथा सगळे सांगतात. ती मीही सांगतो, पण आख्यायिका म्हणून सांगतो. त्या कथेशिवायही हा पराक्रम पुरेसा मोठा आहे.

जवळच नागेश्वराचं देऊळ आहे. तिथे पूजा चालते, सावली आहे, आईंना टेकायला जागा आहे. या देवळात बसून समोर चर्चचा पडका मनोरा दिसतो, आणि वसईचा पुढचा इतिहास तिथे समजतो. १७३९ नंतर पेशव्यांनी वसईचं नाव बाजीपूर ठेवलं. १७८० मध्ये इंग्रजांनी ती घेतली, सालबाईच्या तहानंतर मराठ्यांना परत मिळाली, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला ‘वसईचा तह’ तो हाच. ज्या गावासाठी एवढं रक्त सांडलं तिथेच साठ-सत्तर वर्षांत स्वातंत्र्य गहाण पडलं, हे मला दरवेळी सांगताना जड जातं.

आता उन्हं वर आली असतील. या वेळेला मी लोकांना फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चमध्ये, सेंट अँथनीच्या, घेऊन जातो. माझ्या मते वसईतली सर्वांत मोलाची जागा ही आहे आणि बहुतेक लोक ती दोन मिनिटांत पार करतात, कारण ते भिंतींकडे बघतात आणि पायाखाली बघत नाहीत. इथे आणि बाकीच्या चर्चमध्येही जमिनीवर जे लांबट दगड बसवलेले आहेत ते थडग्यांचे आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलीयत, पिसांचे शिरस्त्राण, ढाल, सिंह, आणि खाली अक्षरं. घाई न करता एक दगड निवडा. बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडा आणि तळव्याने पसरा. घासू नका, खडूने भरू नका, नाणं तर अजिबात लावू नका. ओल्या दगडावर तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात.

पोर्तुगीज येत नसली तरी चालतं, कारण मजकूर ठरावीक असतो. बहुतेक दगडांवर ‘सेपुल्तुरा’ हा शब्द पूर्ण किंवा तोडून लिहिलेला असतो, म्हणजे थडगं. मग नाव. मग ‘एर्देइरोस’, म्हणजे वारसदार : ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. एक गोम लक्षात ठेवा, त्या काळी ‘यू’ या अक्षराच्या जागी ‘व्ही’ कोरायची पद्धत होती, त्यामुळे शब्द आधी अडतो आणि मग एकदम उलगडतो. शेवटी साल. सोळाव्या आणि सतराव्या शतकातली सालं मुलाला स्वतःला सापडली की तो पुढे तुम्हालाच हाका मारून दगड दाखवायला लागेल. ज्या मुलांना सहलीत काहीच आवडत नाही अशी मुलं मी या दगडांवर अर्धा-अर्धा तास पालथी पडलेली बघितलीयत. आणि ही माणसं कोण होती याचा विचार करा. ‘आणि त्याच्या वारसांची’ असं लिहिणाऱ्याला खात्री होती की आपली नातवंडं-पतवंडं इथेच मरणार, इथेच पुरली जाणार.

जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचं चर्च या बाजूलाच आहे. दर्शनी भाग अजून बऱ्यापैकी शाबूत आहे आणि कोरीव खांब फार सुरेख आहेत. हे चर्च नुसतं अवशेष म्हणून उरलेलं नाही. वसईचे गोन्सालो गार्सिया इथल्या जेझुइटांकडे शिकले, पुढे जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. त्यांचा सण इथे दरवर्षी साजरा होतो आणि वसईचे ख्रिस्ती लोक तेव्हा या पडक्या नगरात पुन्हा प्रार्थनेला जमतात. तुम्ही जाल तेव्हा कुणी प्रार्थना करत असेल तर फोटो काढू नका, थोडं थांबा.

इथलाच दगड गोव्याला गेला, हेही मुलाला सांगा. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेचा दर्शनी भाग जांभ्याचा आहे, पण त्यातलं नाजूक कोरीवकाम काळ्या दगडात आहे. तो दगड वसईहून जहाजाने नेला होता. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, इथल्या काळ्या दगडात टिकते. कधी गोव्याला गेलात तर ओळखीचा वाटेल.

एक गैरसमज तुमच्याही मनात असेल, तो दूर करतो. सगळे विचारतात, ‘हे सगळं मराठ्यांच्या तोफांनी पाडलं का?’ तटाचा काही भाग, काही बुरूज, हो. पण आतल्या इमारतींचं मुख्य नुकसान पावसाने आणि झाडांनी केलं. १६१८ च्या मे महिन्यात, पोर्तुगिजांच्या ऐन भरात, मोठं चक्रीवादळ येऊन गेलं होतं आणि तेव्हाही छपरं उडाली होती. फरक एवढाच की तेव्हा ती पुन्हा घालणारे लोक होते. भिंत दोन बाजूंनी घडीव दगडांची आणि मध्ये चुन्यात भरलेली खडी अशी असते. छप्पर गेलं की पावसाचं पाणी वरून त्या भरावात उतरतं, चुना धुऊन जातो, फटीत पिंपळाचं बी पडतं, आणि मूळ जाड झालं की घडीव दगड बाहेर ढकलला जातो. तुम्ही वडा-पिंपळाच्या मुळांनी कवटाळलेल्या भिंतींचे सुंदर फोटो पाहिले असतील. ती भिंत त्या मुळामुळे उभीही असते आणि त्याच मुळामुळे फुटतही असते.

म्हणूनच पावसाळ्यात मी आता गट नेत नाही. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये एक शाळा घेऊन गेलो होतो. शेवाळलेल्या तीन पायऱ्या, एक मुलगा घसरला आणि मनगट मोडलं. तो दिवस मी विसरलेलो नाही. जुलै-ऑगस्टमध्ये किल्ला हिरवागार आणि अतिशय देखणा दिसतो हे खरं, पण गवतात विहिरींची तोंडं दिसत नाहीत, साप असतात, आणि वरून कधी दगड सुटेल सांगता येत नाही. तुम्ही दिवाळीनंतर येताय ते उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. तरीही तीन गोष्टी पाळा : विहिरीजवळ मुलाचा हात धरा, तटावर आणि मनोऱ्यावर चढू नका, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. आतल्या आडवाटांना एकट्या-दुकट्याने दुपारच्या शुकशुकाटातही जाऊ नये. शक्य असेल तर रविवार टाळा. रविवारी गर्दी असते, गाडी लावायला त्रास होतो, आणि दगड वाचायला जी शांतता लागते ती मिळत नाही.

शेवटी जमिनीकडचा दरवाजा. तो सरळ नाही, वाट वळवून घेतलीय, म्हणजे आत घुसणाऱ्याला धावत येता येऊ नये आणि वळणावर तो माऱ्यात सापडावा. जवळ मारुतीचं देऊळ आहे. समुद्राकडून शिरून इथून बाहेर पडलात की अख्खं शहर ओलांडल्यासारखं होतं.

मुलासाठी एक खेळ देतो, माझ्या सहलींत तो नेहमी चालतो. चालता-चालता आपल्या बोलण्यातले पोर्तुगीज शब्द मोजायचे. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, घमेलं, बिजागरी, फीत, नाताळ, आणि तुरुंगसुद्धा. तुम्ही न्याहारीला बटाट्याची भाजी आणि पाव खाऊन आला असाल तर दोन शब्द तिथेच झाले. दोनशे वर्षं शेजारी राहिल्याची ही खूण दगडांपेक्षा जास्त टिकलीय.

आता आजूबाजूच्या ठिकाणांबद्दल. त्याच दिवशी परतणार असाल तर अर्नाळा आणि स्तूप सोडा. किल्ल्यातून दीड-दोनला बाहेर पडा, गावात जेवा. वसईच्या कोळी पद्धतीचं किंवा इथल्या ख्रिस्ती घरांतल्या पद्धतीचं मासळीचं जेवण मिळालं तर सोडू नका. मग बाजारात सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, बाहेरून तपकिरी, आत मधासारखी. प्रवासात आठवडाभर सहज टिकतात, आणि आईंना चावायलाही त्रास होणार नाही. वसईची केळी, पानवेल आणि फुलं हे मोठं प्रकरण आहे. इथली फुलं कितीतरी वर्षं लोकलने दादरच्या बाजारात जात आलीयत. वाड्यांमधून गाडी हळू न्या, विहिरी आणि बागा अजून शिल्लक आहेत.

परतीच्या वाटेवर वज्रेश्वरी ठेवा. महामार्गावरच्या शिरसाड फाट्यावरून आत वळायचं, आणि तिथून अंबाडीमार्गे तुम्ही नाशिकच्या रस्त्याला लागता, म्हणजे वाट फारशी वाकडी होत नाही. वसई मिळाली तर देवीचं देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि विजयानंतर ते बांधलं गेलं. देवळाला किल्ल्यासारखा दगडी कोट आहे. पायऱ्या पन्नासच्या वर आहेत, तेव्हा आईंना झेपतील का हे खाली उभं राहून त्यांनाच ठरवू द्या. नाही झेपल्या तरी खालून कोट दिसतो.

मुक्काम करणार असाल तर दुसरा दिवस असा. सकाळी अर्नाळा. विरारच्या पश्चिमेला, किनाऱ्यावरून होडीने बेटावर जायचं. होडीत चढता-उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो, म्हणून आईंना किनाऱ्यावरच सावलीत बसवणं बरं. भरती-ओहोटीप्रमाणे होडीच्या वेळा बदलतात, तिथल्या कोळी बांधवांना विचारूनच निघा आणि परतीची वेळ त्यांच्याकडूनच पक्की करून घ्या. वसईच्या अगदी उलट, हा किल्ला आटोपशीर आणि मराठी वळणाचा आहे. दारावर हत्ती आणि वाघासारख्या प्राण्यांचं शिल्प, आत अष्टकोनी पाण्याचं टाकं, देवळं. दरवाजावरच्या देवनागरी शिलालेखात बाजीरावाच्या आज्ञेने समुद्राच्या पोटात हा जंजिरा त्वरेने बांधल्याचं सांगितलंय. काल ज्या मुलाने पोर्तुगीज अक्षरं ओळखली त्याला आज हे सरळ वाचता येईल.

दुपारी सोपारा. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने लोक ओळखायचे ते टेकाड १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी खणलं आणि आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, आणि भोवती बुद्धमूर्ती. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला, नववा पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. मूळ वस्तू मुंबईत नेऊन ठेवल्या आहेत, तेव्हा जागेवर तुम्हाला विटांचा उंचवटा आणि शांत आवार एवढंच दिसेल. अर्धा तास पुरे. पण पोर्तुगिजांच्या अठराशे वर्षं आधीही याच किनाऱ्यावर मोठं बंदर होतं, हे त्या विटांपाशी उभं राहून कळतं. निर्मळचं देऊळ आणि तळं वाटेत आहे, वेळ उरला तर तिथे जा. किनारे खूप आहेत : भुईगाव, राजोडी, कळंब. संध्याकाळी त्यातला एक पुरे. पोहण्यासाठी मी यातला कुठलाच सुचवत नाही.

भाईंदरहून वसईच्या धक्क्यापर्यंत २०२४ पासून गाड्या नेणारी रो-रो फेरी सुरू झालीय. तुम्हाला वाटेवर नाही, पण मुलाला पाण्यातून किल्ला बघायचा असेल तर नुसतंच माणसांसाठी जाऊन-येऊन तिकीट काढून बघा. समुद्राकडून येणाऱ्याला हे शहर कसं दिसत असेल ते त्यात कळतं. वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

थोडक्यात एक दिवसाचा बेत : पहाटे पाचला नाशिक सोडायचं, नवाच्या सुमारास वसई गावात नाश्ता, साडेनऊला बंदर दरवाजा, मग कॅथेड्रल, बालेकिल्ला, नागेश्वर, थडग्यांचे दगड, जेझुइटांचं चर्च, जमिनीचा दरवाजा. दोनला जेवण. साडेतीनला निघून वज्रेश्वरी, आणि अंधार पडताना कसारा घाटाच्या पायथ्याशी. आई दमल्या तर मधलं काहीही गाळा, फक्त थडग्यांचे दगड गाळू नका.

आणि एक काम नाशिक सोडण्याआधी करा, आदल्या संध्याकाळी. मुलाला गोदाघाटावर नारोशंकराच्या देवळाकडे न्या आणि तिथली मोठी घंटा दाखवा. वसईच्या विजयाची खूण म्हणून ती तिथे बसवलेली आहे. अशाच घंटा भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरही आहेत, चर्चच्या मनोऱ्यांतून उतरवून नेलेल्या. मुलगा शहाणा असेल तर विचारेल, एवढी जड घंटा टांगायची तरी कशी. दुसऱ्या दिवशी त्याला वसईत मनोऱ्याखाली उभं करा आणि वरच्या रिकाम्या कमानी दाखवा.